डाव्या कर्ण्याची तक्रार

“अहो, मी भिंतीशी बोलत नाहीये,” असं कुणीतरी जरा चढ्या आवाजात म्हणालं, तेव्हा कुठे त्यानं मान वर केली.

टेबलाच्या डाव्या बाजूला एक मुलगी उभी होती. बाहीवर पांढऱ्या प्लास्टरचे शिंतोडे, खांद्याला रिकामी पिशवी, आणि आपण केव्हाच्या बोलतोय तरी हा गृहस्थ ढिम्म, असा चेहरा.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्याचं पोट चालायचं, म्हणून सगळे त्याला ‘कानामात्रा’ म्हणत. गंमत अशी की त्याच्या डाव्या कानाला लहानपणीच्या तापापासून काहीच ऐकू येत नसे. उजवा कान पुढे करून तो वेळ अशी मारून न्यायचा, की लोक त्याला शिष्ट समजत, पण बहिरा कुणी म्हणत नसे. त्याला तेच बरं वाटे. या कानाची त्या कानाला खबर नव्हती, तिथे लोकांना कुठून असणार?

“रद्दी हवीय,” ती म्हणाली. “जाड कागदाची. मालक म्हणाले, तुमच्याकडे ढीग असतो.”

“असतो. पण सगळ्या चुकाच आहेत त्यात.”

“चालेल. वाचायची नाहीये मला. कर्णे करायचेत.”

“सभेत लावतात तसले?”

“घरात लावायचे. गाणी ऐकायला.” ती थांबली. “हसायचं असेल तर हसून घ्या. सवय आहे मला.”

तो हसला नाही. गठ्ठा जड होता, म्हणून तिच्या घरापर्यंत पोचवायला मात्र गेला… निदान स्वतःला त्यानं तसंच सांगितलं.

ती दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायची आणि उरलेल्या वेळात कर्णे. मातीच्या साच्यावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या, थरावर थर. वाळलं की घासायचं, पुन्हा थर, पुन्हा घासायचं. निमुळत्या टोकाला एक लहानसा स्पीकर बसवायचा. त्याचा चिमूटभर आवाज कर्ण्याच्या तोंडाशी येईपर्यंत खोलीभर व्हायचा. दोन्ही कर्णे माणसाच्या कमरेएवढे उंच होते.

“घरात माणसांना बसायला जागा नाही,” तिची आई चहा देत म्हणाली, “आणि हे दोन जावई पाय पसरून बसलेत.”

“आई…”

“बरं, पाहुणे म्हणते.”

कर्णे वाजायला लागले तेव्हा तिनं त्याला समोरच्या एकुलत्या खुर्चीत बसवलं. दोन्हींपासून सारख्या अंतरावर, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही. “गाणाऱ्या बाईचा आवाज कुठून येतोय? खरं सांगा.”

त्यानं खरं सांगितलं. “उजवीकडून.”

ती उजळलीच. “बघा! बाकी सगळे नुसते ‘छान, छान’ म्हणतात. तो मधोमध यायला हवा, जणू बाई समोर उभी आहे. म्हणजे माझा डावा कर्णा कमी पडतोय. तुमचा कान तयार आहे हो.”

हे ऐकलं आणि त्याची चूक त्याच्या ध्यानात आली. मधोमध कळायला दोन कान लागतात. तसं सांगायला तोंडही उघडलं होतं. पण ती गुडघ्यावर बसून, गालाला खळ लागलेली, त्याच्याकडे अशी बघत होती की त्यानं वाक्यच बदललं. तो म्हणाला, “रविवारी पुन्हा ऐकू या का?”

मग रविवार येत राहिले. ती डाव्या कर्ण्याचं नरडं घासून रुंद करायची, आत लोकरीचा तुकडा बसवायची, काढायची, कर्णा बोटभर आत वळवायची. तो खुर्चीत बसायचा आणि आवाज उजवीकडून यायचा. खोटं तो एकदाही बोलला नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

“तुम्ही मान अशी तिरकी का करता हो, माझ्याशी बोलताना?” तिनं एकदा विचारलं.

“तशीच सवय आहे.”

“मला वाटलं, चोरून बघता.”

“तेही आहे,” तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्या बाबतीत दोन्ही कान सारखे निघाले.

पण पुढच्या रविवारी तो आला तेव्हा खोलीत चहाचा पत्ता नव्हता. डावा कर्णा जमिनीवर आडवा आणि तिच्या हातात करवत होती.

“कापून टाकते,” ती म्हणाली. “मूळच चुकलंय. आणि खरं सांगू? मला तो आवाज मधोमधच येतो. पहिल्या दिवसापासून. म्हणजे माझाच कान बिघडलाय… उद्या तपासायला जाणार आहे. कान गेला तर मी करू काय?”

बोललो नाही तर हिचा कर्णा जाईल आणि स्वतःवरचा विश्वासही. बोललो तर आपली खुर्ची जाईल. त्यानं करवतीवर हात ठेवला.

“कापू नका. कर्णा ठीक आहे. तुमचा कानही. मला… डावीकडून ऐकूच येत नाही. लहानपणापासून.”

तिनं करवत खाली ठेवली.

“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर दुसऱ्यांदा बोलावलं नसतंत.”

“हे तुम्हीच ठरवलंत? मी इथे स्वतःला बहिरी समजत बसले. जा तुम्ही.”

तो गेला. त्या आठवड्यात त्यानं इतक्या चुका सोडल्या की मालकांनी बोलावून त्याचे कान उपटले. त्याला ते रास्तच वाटलं.

शनिवारी टेबलाच्या उजव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. “उद्या या,” ती म्हणाली. “राग गेलेला नाही. पण या.”

तो गेला. डावा कर्णा जागेवर होता. खुर्ची मात्र भिंतीकडे वळवलेली, अशी की बसल्यावर त्याचा उजवा कान थेट दोन्ही कर्ण्यांकडे व्हावा. त्या खुर्चीच्या डाव्या अंगाला दुसरी खुर्ची होती.

“दोन्हींतून आता एकच वाजतं,” ती म्हणाली. “एक बटण असतं त्यासाठी. डावं-उजवं काही नाही. बसा.”

गाणं सुरू झालं आणि पहिल्यांदाच त्याला काहीही सांगायचं नव्हतं. कर्णे वाजत होते, तो ऐकत होता, सुखात होता. ती डावीकडच्या खुर्चीत बसली होती.

“इकडे बसा ना,” तो म्हणाला. “तिकडून बोललात तर कळणार नाही मला.”

तिनं मान पुढे काढून सांगितलं, “तिकडे बसले तर कर्ण्यांच्या आड येईन. आणि… इथून एक गोष्ट बोलून बघतेय. जमली की सांगेन.”

गाणं संपेपर्यंत तिचे ओठ हलताना त्यानं दोनदा पाहिले. मग ती उठली, खुर्ची उचलून त्याच्या उजव्या बाजूला आणून ठेवली आणि बसली.

“तुम्ही आवडता मला,” ती म्हणाली. “ऐकू आलं?”

“आलं,” तो म्हणाला. “पण आमच्या छापखान्यात एकदा वाचून पुढे पाठवत नाहीत. दुसऱ्यांदा तपासावं लागतं.”

ती हसली, आणखी जवळ सरकली आणि पुन्हा म्हणाली.