दिम्तूचा घास

तटबंदीच्या हरार गावातल्या बाजारातून फेथी रोज दुपारी उंटाच्या मांसाची टोपली आणायचा. चांगलं मांस त्यात नसायचंच. आतडी, कातडीचे तुकडे, चिवट शिरा, जे माणूस खात नाही ते सगळं तरसांचं. संध्याकाळची अजान झाली की तटाबाहेरच्या दगडावर बसायचं, एकेका तरसाला नावानं हाक मारायची, वीतभर काडीला तुकडा अडकवायचा आणि काडी दातांत धरायची. तरस येतं आणि नाकासमोरून तुकडा ओढून नेतं. परगावचे लोक हे बघायला येतात, किंचाळतात आणि फोटो काढतात. फेथीला त्यात विशेष काही वाटत नसे. त्याच्या बापानं जन्मभर हेच केलं होतं, आणि म्हातारा गेला तो अंथरुणात, दम्यानं.

"काय फेथी, पोरं रुसलीत म्हणे तुझी?" कसायानं टोपली भरता भरता विचारलं. "कालचं मांस तसंच पडलंय म्हणतात. मग नेतोस कशाला? स्वतःच खातोस की काय?"

फेथी हसला, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. गेले कित्येक दिवस तरसं आली नव्हती. हरारमध्ये तरसं आली नाहीत तर मांस सडतं एवढंच होत नाही. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारं जे जे तटातून आत शिरतं, ते तरसंच गिळून टाकतात. हे इथं शाळेत शिकवावं लागत नाही.

आणि फेथीच्या घरात काहीतरी शिरलं होतं.

त्याची बायको नबीला बाळंतीण होती. बाळाचं नाव ठेवलं त्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. त्याच रात्री सासूनं बाळ पाजायला जवळ आणलं, तर नबीलानं शांतपणे वर बघितलं आणि म्हणाली, "मांडीवर जागा कुठं आहे?"

त्यानंतर ती बोललीच नाही. घरातल्या उंच ओट्यावर भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात असे गोल धरून की मधे कुणीतरी बसलेलं असावं. अधूनमधून एक हात वर जायचा आणि हवेतच, डोकं कुरवाळावं तसा फिरायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मायेनं तपासलं, औषध दिलं, धीर धरा म्हणाल्या. नबीलानं औषध घेतलं, पण हात काही सोडले नाहीत. इकडे बाळाला शेळीचं दूध पचेना. चमच्यानं पाजलेलं सगळं बाहेर यायचं. उचललं की त्याच्या बरगड्या हाताला लागायच्या, आणि आता तर ते रडायचंही सोडून पडून राहायला लागलं होतं. फेथीला त्या रडण्यापेक्षा हे गप्प राहणंच जास्त असह्य होत होतं.

तो घरी आला तेव्हा त्याची आई, झैतुना, तांबड्या मातीनं घर सारवत होती.

"आई, आत्ता दिवस कलल्यावर सारवायचं काय काढलंस? वाळायचं नाही ते."

"वाळायला नकोच आहे." तिनं मातीनं माखलेले हात तसेच वर धरून त्याच्याकडे बघितलं. "बस. आता खरं सांग. तरसांना काय केलंस तू?"

"मी काय करणार?"

"तुझा बाप खोटं बोलताना असाच कान खाजवायचा."

फेथीनं हात खाली घेतला. मग हळूहळू, अडखळत सांगितलं. बाळाच्या नामकरणाच्या संध्याकाळी तो आनंदात होता. बापानं शिकवलेल्या क्रमानं त्यानं नावं पुकारली, पाढे म्हणावेत तशी. आणि सवयीनं पहिलं नाव गेलं ते दिम्तूचं.

दिम्तू म्हणजे कळपाची म्हातारी नायकीण, तांबूस रंगाची, पुढच्या एका पायानं लंगडणारी. पावसाळ्याआधी ती रस्त्यावर ट्रकखाली गेली होती. फेथीनं स्वतःच्या हातांनी खड्डा खणून तिला पुरलं होतं.

"नाव तोंडातून गेलं आणि समोरची सगळी तरसं थांबली," तो म्हणाला. "त्यांच्या पाठीचे केस उभे राहिले. माझ्याकडे नव्हती बघत ती, आई... माझ्या मागे बघत होती. मग निघून गेली. मी म्हटलं, असेल काहीतरी."

"आणि तिला घास दिलास?"

"कुणाला?"

"जिला बोलावलंस तिला." झैतुनाचा आवाज खाली आला. "हाक मारली की घास द्यायचा, हे तुझ्या बापानं तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मेली म्हणून काय झालं? हाक पोचली. ती आली. आणि तू हात झटकून घरी आलास. आता ती उपाशी उभी आहे तटापाशी, आणि ती उभी आहे तोवर बाकीची कशाला येतील? राखणच उठली, मग ज्याला आत यायचं ते आलं." तिनं ओट्याकडे नजर टाकली, जिथं नबीला हवेला थोपटत होती. "जा. बोलाव तिला. दातांतून दे, हातानं फेकू नकोस. आणि आल्यावर दारात थांब. आत यायचं नाही."

"आणि हे सारवण?"

"कोण आलं, कोण गेलं, कळायला नको?"

अजान संपली तेव्हा फेथी दगडावर बसला होता. त्या दिवशी परगावचं कुणीही नव्हतं, गाड्यांचे दिवे नव्हते. समोरच्या निवडुंगाच्या कुंपणाचा हिरवा रंग आधी काळा झाला आणि मग दिसेनासा झाला. वाऱ्यावर धुपाचा आणि शेणाचा वास येत होता. त्यानं काडीला तुकडा अडकवला. तुकडा दोनदा मातीत पडला. पळून जावं असं त्याला मनापासून वाटलं. पण पळून जायचं कुठं? घरीच ना?

"दिम्तू," त्यानं हाक मारली. "ये, दिम्तू... ये, म्हातारे... घास राहिलाय तुझा..."

काडी दातांत धरून त्यानं डोळे मिटले. रातकिडे ओरडत होते, ते एकाएकी थांबले. मातीवर नखांचा आवाज आला. तीन पावलं ठाम, चौथं घासत. पुन्हा तीन ठाम, चौथं घासत.

तरस जवळ आलं की आधी त्याचा उग्र दर्प येतो, मग ओला, गरम श्वास गालावर लागतो. फेथी लहानपणापासून त्या वासात वाढला होता. आत्ता वास नव्हता. श्वास नव्हता. फक्त गालावरची हवा विहिरीच्या तळासारखी गार झाली, काडीला हलकासा हिसका बसला, आणि काडी रिकामी झाली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. लंगडी पावलं त्याच्या अंगावरून पुढे जाऊन तटाच्या बुंध्यातल्या भोकातून, जिथून तरसं गावात शिरतात तिथून, आत चालली होती. तो मागोमाग धावला. गल्लीतली कुत्री भिंतींना चिकटून पडली होती आणि एकही भुंकलं नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. झैतुना बाळाला छातीशी घेऊन दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे ओठ हलत होते. फेथी तिच्याशेजारी उभा राहिला. आत जाण्यासाठी त्याचा जीव तडफडत होता, पण आईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

आत नखं वाजली. ओट्यापर्यंत गेली. मग काहीच ऐकू येईना. इतका वेळ काहीच ऐकू येईना, की फेथी मनातल्या मनात नबीलाची माफी मागायला लागला.

मग त्याच्या गुडघ्याला काहीतरी गार घासून गेलं, आणि पावलं गल्लीच्या उतारावर विरली.

"आई..." आतून आवाज आला. बसलेला, पण नबीलाचाच. "आई, बाळ कुठंय माझं? दूध दाटलंय..."

दोघं धडपडत आत शिरली. नबीलाचे हात पुढे पसरलेले होते, आणि मधे कुणी नव्हतं. बाळ तिच्या मांडीवर गेलं, तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि चुटचुट आवाज करत प्यायला लागलं. तो आवाज ऐकून फेथी ओट्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. त्याची त्याला लाज वाटली नाही.

"रडतोस काय, चूल पेटव," झैतुना डोळे पुसत म्हणाली. "बाळंतिणीला भूक लागलीय. लोणी घालून लापशी कर. तुझ्या तरसांना इतकं भरवतोस, एकदा बायकोला भरव."

नबीला हसली. बाळंतपणानंतर इतक्या दिवसांनी ते घर घरासारखं वाटलं. फेथीनं चूल पेटवली, लापशी ढवळली, तिला वाटीभर दिली, मग आणखी दिली. बाळ पिता पिता झोपून गेलं होतं. सगळं निवल्यावर दार लावायला म्हणून तो दिवा घेऊन उठला, आणि उजेड ओल्या सारवणावर पडला.

त्या दोघांच्या पावलांच्या बाजूला, आत आलेले पंजे स्पष्ट उमटले होते. तीन खोल, चौथा फरफटलेला. बाहेर गेलेलेही तसेच. पण बाहेर जाणाऱ्या पंज्यांच्या अगदी लगत, जनावराच्या पाठीवर हात ठेवून कुणी चालावं इतक्या लगत, एका लहान लेकराची अनवाणी पावलं होती. ओट्यापाशी सुरू झालेली आणि उंबऱ्यापलीकडे गेलेली.

झैतुनानं ती बघितली. लगेच ती वाकली आणि मातीचं फडकं फिरवायला लागली. फेथीकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. ओट्यावरून नबीलाला उंबऱ्याजवळची ही जागा दिसतच नव्हती.

"पुसा, आई," नबीला आतून म्हणाली, बाळाला थोपटत, अगदी सहज. "पण चपला तरी घालायला हव्या होत्या पोरीला... बाहेर खडे टोचतील."