हशाच्या खुणा

तिच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं आणि शब्दकोश मी रोज उघडतो, त्यामुळे विसरलो असं म्हणायचीही सोय नव्हती.

आमची ओळख वाचनालयाच्या सभागृहात झाली. मी तिथला निवृत्त ग्रंथपाल. रविवारी दुपारी तिथे हौशी मंडळी माइकसमोर उभी राहून विनोद सांगत. मी शेवटच्या रांगेत वही घेऊन बसायचो. विनोद कसा बांधतात याचं मला कुतूहल. स्वतः सांगायची छाती नाही. लोक हसले की आखूड रेघ, खळखळून हसले की लांब.

एकदा कार्यक्रम संपल्यावर गळ्यात मापाची टेप घातलेली बाई समोर येऊन उभी राहिली. कपडे शिवायचं दुकान होतं तिचं, साठी उलटलेली.

"माझी तक्रार लिहिताय का?"

"नाही... खुणा करतोय."

"मग सांगा, माझा पोटाचा विनोद का पडला?"

तो विनोद असा होता – माप देताना माणसं पोट आत ओढतात. म्हणून मी दोन मापं घेते. एक त्यांच्या समाधानासाठी, एक पँटसाठी. कारण घरी गेल्यावर पोट पुन्हा बाहेर येतं ना!

मी तो वहीत उतरवला, शेवटचं वाक्य खोडलं आणि चाचरत म्हणालो, "आधी लोकांना एका वाटेला लावायचं... मग ज्या शब्दावर वाट वळते, तो सगळ्यात शेवटी. 'पँटसाठी' म्हणा आणि गप्प राहा."

"किती वेळ?"

"लोक हसेपर्यंत."

"आणि नाहीच हसले तर?"

"तरीही... गप्पच."

"म्हणजे अर्धा शिवलेला सदरा घालून गिऱ्हाइकानं आरशासमोर उभं राहायचं, तसं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती 'पँटसाठी' म्हणाली आणि थांबली. त्या दोन क्षणांत तिने लोकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग सभागृहात एकच हशा उसळला. मी लांब रेघ मारली. ती वाकडी आली.

वर्षभर असं चाललं. ती विनोद आणायची, मी छाटायचो. "मास्तर, शिंपी मी आणि कात्री तुमच्या हातात," ती म्हणायची. मग भाऊ आजारी पडला म्हणून ती त्याच्या गावी गेली. तिथून पत्र आलं –

"मास्तर, भाऊ आता हिंडूफिरू लागला आहे. तुमची वही मी एकदा चोरून पाहिली होती. सगळ्यांच्या हसण्याच्या खुणा आहेत, तुमची एकही नाही. तुम्हाला कधी हसवलं का मी? तिथली खोली अजून सोडलेली नाही. परत येऊ?"

मी उत्तरं लिहिली. एक चार पानी, एकात तळटीपा. प्रत्येकात माझं वय, माझे गुडघे, आणि माझा काही गैरसमज तर होत नाही ना, ही चौकशी. परवा पुतणीने ती चळत वाचली.

"काका, हे उत्तर आहे की प्रस्तावना?"

"सगळं स्पष्ट केलेलं बरं असतं गं."

"समजावून सांगितला की विनोद मरतो, हे तुम्हीच सांगता ना जगाला? त्यांचा घरमालक म्हणत होता, महिनाअखेरीला खोली रिकामी होतेय." ती जराशी थांबली. "आठ महिने गप्प आहेत त्या. कुणी शिकवलं त्यांना?"

मी शब्दकोशातून पत्र काढलं. प्रश्न सगळ्यात शेवटी, पुढे एक अक्षर नाही. माझाच धडा तिने माझ्यावर चालवला होता, आणि मी... अख्ख्या सभागृहात एकटाच प्रेक्षक, तोंड मिटून बसलेला.

नवा कागद घेतला.

"तुमच्या प्रत्येक विनोदाला हसलो. पण घरी येऊन, भांडी घासताना. वहीत त्याची खूण करायची हिंमत झाली नाही. आता एकट्याने हसायचा कंटाळा आला आहे. या."

पुढे 'जमल्यास' लिहायला पेन टेकलं होतं. शाईचा ठिपका उमटला. तो तसाच राहू दिला.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. मग मी तिथेच उभा राहिलो... गप्प.