यंदा रान रिकामं

“ताई, पालकाची जुडी द्या ना.”

“पालक नव्हं, चाकवत हाय तो. आणि ताई घरी ठेवून यायची.”

सदाशिव पेठेतला सलिल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. स्कूटर पंक्चर झाली म्हणून खडकवासल्याच्या रस्त्यावर, दीपमालाच्या भाजीच्या पाटीपाशी टेकला होता बिचारा. तिनं हसू ओढणीत लपवलं. “ताकात शिजवा, वरनं लसणाची फोडणी. येतं का?”

“शिकवलंत तर… येईल.”

पुढच्या रविवारी पंक्चर नसतानाही आला! मग येतच राहिला. पौषात दीपमालानं चुलीपुढं बसवून भोगीची भाजी अन् तीळ लावलेली भाकरी वाढली. भाकरी घेताना बोटाला बोट लागलं. तिनं हात मागं घेतला नाही. पोरीच्या जातीनं याहून जास्त काय बोलावं?

होळीला त्यानं विचारलं, “लग्न करशील माझ्याशी?”

मनातून हो होतं. पण बाप, रंगराव, अर्धांगानं खाटेवर, अन् कालव्याकाठचं दीड एकर रान तिच्या एकटीच्या जिवावर. हे सोडून जायची भीती वाटते, एवढं सांगायला तोंड उघडेना. टोचायला बरं उघडायचं!

“कांदा निघू दे,” ती म्हणाली. कांदा निघाला. “काकडीचा मांडव होऊ दे.” मांडव झाला. मग घेवडा आला.

“तुझं रान कधी रिकामं होतं गं?”

“रिकाम्या रानात तण माजतं,” ती मान ताठ करून म्हणाली.

श्रावणात त्यानं विचारणं सोडलं. भाद्रपदात येणंही.

तेव्हा पोरीचा जीव कासावीस झाला. दसऱ्याला तिनं रान नांगरून घेतलं, पण बी टाकलंच नाही. शेजारची दुर्गाबाई कडाडली, “मेथीचे दिवस, अन् रान काय हवा खायला ठेवलंय?” रंगराव मात्र समजले. “रान वाट्यानं देऊ, पोरी. तू जा.”

फोन हातात घ्यायची, नंबर काढायची… ठेवून द्यायची. आधी त्यानं यावं!

दिवाळीनंतर स्कूटर आली. मागं एक गोरी, हसरी मुलगी.

“ही अस्मिता… तुळशीच्या लग्नानंतर आमचं…”

“बसा,” दीपमाला म्हणाली. “पिठलं टाकते.”

सलिलचं ताट वाढून झालं, तेव्हा अस्मिता हात धुवायला बाहेर गेली. सलिलची नजर दारातून रानावर गेली. काळी माती, एक हिरवं पान नाही.

“कधीपासून मोकळं आहे?”

“दसऱ्यापास्नं.”

घास हातातच राहिला. “अगं… सांगायचंस ना!”

“तुम्ही विचारायचं सोडलं होतंत.”

अस्मिता ओले हात झटकत आत आली, ताटावर बसली. दीपमालानं तिला वाढलं, तव्यावरची भाकरी उलटली, अन् वर न बघता म्हणाली, “यांना पिठल्याबरोबर कच्चा कांदा लागतो, बाई. बुक्कीनं फोडलेला. सुरीनं चिरलेला आवडत नाही. ध्यानात ठेव.”