सन्मती मगदूमची उत्तम तब्येत

कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सन्मती मगदूमची तब्येत गेली नऊ वर्षं उत्तम होती. त्याची महाधमनी फाटलेली होती, एवढंच.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुंभोजच्या घरी फोन यायचा. 'सुखरूप ग्लोबल' या विमा कंपनीतली मुलगी साखरेत घोळलेल्या आवाजात विचारायची, "अण्णा, नमस्कार. सन्मतीदादांचं सगळं ठीक आहे ना? काळजीसारखं काही वाटत नाही ना?" आणि सन्मतीचे वडील, ऐंशीच्या घरातले बाबगोंडा मगदूम, टोपी नीट करून सांगायचे, "चांगलं आहे बाळ. भगवंताच्या कृपेनं सगळं चांगलं आहे." स्वयंपाकघरात त्यांची सून, सन्मतीची बायको राजमती, लाटणं पोळपाटावर जरा जोरात ठेवायची. नऊ वर्षांत तिनं तीन पोळपाट बदलले होते.

सन्मती ग्रीनलंडला गेला तेव्हा तिथला किनाऱ्याकडचा बर्फ वितळून खालची खनिजं उघडी पडली होती आणि ती खणायला जगभरातून माणसं जात होती. ड्रिलिंग यंत्रांचे हायड्रॉलिक पंप सांभाळणं हे त्याचं काम. एका दुपारी पंपाशेजारीच छातीत कळ येऊन तो कोसळला. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, म्हणजे महाधमनीला, चीर पडली होती. अशी चीर शिवण्याचं ऑपरेशन कोल्हापुरातसुद्धा सहज होतं. खाणीच्या दवाखान्यात मात्र एक डॉक्टर, एक पलंग आणि विरामाची पेटी एवढीच सामग्री होती. डॉक्टरनं पेटी उघडली आणि तासाभरात सन्मतीला विरामात घातलं.

शास्त्रज्ञ ज्याला 'जीवविराम' म्हणतात आणि बाकीचं जग नुसतं 'विराम', ती अवस्था झोपेची नव्हे आणि मरणाचीही नव्हे. एका रसायनानं शरीरातल्या प्रत्येक पेशीचा कारभार जवळजवळ बंद पाडायचा आणि शरीर थंड ठेवायचं. हृदय दिवसातून दोनदा धडधडतं. वय वाढत नाही, जखम चिघळत नाही, दाढीसुद्धा वाढत नाही. हा शोध लागला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. परदेशात एखाद्याचं काही बरंवाईट झालं तर विमान पोचेपर्यंत तो तगेल का, हा प्रश्नच मिटला होता.

विमानाचा प्रश्नही त्याबरोबरच मिटला, हे लोकांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाकडं तातडीच्या वैद्यकीय स्थलांतराची पॉलिसी असायची. उशीर झाल्यास रुग्णाला अपाय होणार असेल तर कंपनी खास विमानानं त्याला योग्य इस्पितळात नेईल, असं तीत लिहिलेलं असे. विरामात उशिरानं अपाय होत नाही. आज आणलं काय, पुढच्या दिवाळीला आणलं काय, चीर तेवढीच. म्हणजे तातडी नाही. तातडी नाही म्हणजे विमान नाही. सन्मती मेला नव्हता म्हणून आयुर्विमा नव्हता, कामावर नव्हता म्हणून पगार नव्हता आणि त्याची प्रकृती खालावत नव्हती म्हणून तो आजारीही नव्हता. खनिज संपलेल्या एका बोगद्यात, त्याच्यासारख्याच शेकडो ठणठणीत माणसांच्या रांगेत तो आडवा होता. वाढदिवसाला कंपनी त्याची चित्रफीत पाठवायची. ती फोटो नसून चित्रफीत आहे हे खाली लिहिलेलं असायचं म्हणून कळायचं.

तो अडतीस वर्षांचाच राहिला. राजमती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होती. आता सहा वर्षांनी मोठी झाली होती. पहिलीतली त्यांची मुलगी श्रुतिका दहावीला गेली.

राजमती गप्प बसणारी नव्हती. दूधसंघाच्या प्रयोगशाळेत पाणी घातलेलं दूध पकडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पाणी कुठं घातलंय हे तिला पटकन कळायचं. तिनं विमान कंपन्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रवाशाला स्वतःचा पट्टा स्वतः लावता आला पाहिजे. मालवाहतुकीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, जिवंत माल असेल तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल. ती खरोखरच जनावरांच्या डॉक्टरकडं गेली. कानात बिल्ला असल्याशिवाय आपण दाखला देत नाही, असं त्यानं खेदानं सांगितलं. शेवटी तिनं एक दिवस रजा टाकली आणि विरामाचा शोध लावणाऱ्या डॉ. उत्तरा घारपुरे यांना भेटायला पुणं गाठलं.

घारपुरे बाई निवृत्त होऊन सहकारनगरात एकट्या राहत होत्या. दिवाणखान्यातल्या कपाटात देशोदेशीची पदकं होती आणि त्यांच्यापुढं गोळ्यांचे डबे. त्यांनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचे मिस्टर मरणार नाहीत. निदान मी असेपर्यंत नाही, तुम्ही असेपर्यंतही नाही."

"ते जगणार कधी ते विचारायला आले," राजमती म्हणाली.

बाईंनी मग विराम समजावून सांगितला. रक्त पोचलं नाही म्हणून पेशी मरते असं आपल्याला वाटतं. खरं तर रक्त पोचत नसतानाही तिचं काम चालूच राहतं, म्हणून ती मरते. तेल संपलेलं इंजिन जळतं, कारण ते चालू असतं. बंद इंजिनाला तेल नसलं म्हणून काय बिघडतंय? आपण फक्त किल्ली फिरवली.

"बंद गाडी ओढून आणता येते की, मॅडम."

"येते ना. विरामातला माणूस कुठंही नेता येतो, त्याला काही होत नाही. मी तो केलाच होता त्यासाठी. मला दोन-तीन दिवस हवे होते, विमान पोचेपर्यंत. कंपनीच्या लोकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, तीस वर्षं ठेवता येईल का? मला वाटलं, काय दूरदृष्टीची माणसं आहेत." बाईंनी एक गोळी काढून परत डब्यात टाकली. "त्यांच्या पॉलिसीचा नॉमिनी कोण आहे?"

नॉमिनी अण्णा होते. सन्मतीनं पहिली पॉलिसी लग्नाआधी काढली होती, त्यात वडिलांचं नाव घातलं होतं, तेच पुढच्या पॉलिसीतही उतरलं आणि बदलायचं राहून गेलं होतं, जसं ते घरोघरी राहून जातं.

बाई म्हणाल्या, कोर्टानं कंपनीला एक अट घालायला लावली आहे. नॉमिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की माझ्या माणसाच्या जिवाला धोका आहे, तर सात दिवसांत त्याला घरी आणावं लागतं. दाखला नको, पुरावा नको. फक्त म्हणायचं. आणि कंपनीनं दर महिन्याला फोन करून तशी संधी द्यायची.

राजमतीनं कप खाली ठेवला. "तो फोन?"

"तोच. फोन सुरू करण्याआधी कंपनीनं जगभर अभ्यास करवून घेतला, कुठल्या भागातली माणसं कशाला काय उत्तर देतात त्याचा. काही देशांत लोक पहिल्या फोनलाच ओरडले. त्यांची माणसं घरी पोचली. आपल्याकडं बघा. आपण बाहेर पडताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आपली बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाही आपण, शांत करतो. आपल्याच माणसाबद्दल असलं वाकडं कोण बोलेल? पॉलिसीचा हप्ता महाराष्ट्रात सगळ्यात कमी का आहे, कधी विचार केलात?"

राजमतीनं तो केला नव्हता. स्वस्त पडली म्हणून घरात त्या वेळी सगळ्यांनी सन्मतीचं कौतुक केलं होतं.

परतीच्या वाटेवर तिला राग कुणाचा करावा ते ठरवता येईना. कंपनीचा केला तर तो तिथपर्यंत पोचत नव्हता. घारपुरे बाईंचा करावा तर त्यांनी चहाबरोबर चकल्या दिल्या होत्या. म्हणून तो सगळा तिनं घरी आणला आणि अण्णांपुढं ठेवला.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. सन्मतीची आई इस्पितळात असताना पाहुण्यांचा फोन आला होता. कशी आहे म्हणून विचारल्यावर अण्णा बोलून गेले होते, आता काही खरं नाही. फोन खिशात ठेवेपर्यंत आत नर्सेसची धावपळ सुरू झाली होती. त्या दिवसापासून कुणाच्याही तब्येतीबद्दल चांगल्याशिवाय दुसरा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता.

"तुम्ही बोलला म्हणून त्या गेल्या नाहीत, अण्णा," राजमती म्हणाली. "पण तुम्ही बोलत नाही म्हणून हे अडकलेत."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, सोमवारी म्हणतो.

आठवडाभर राजमतीनं त्यांच्याकडून तयारी करून घेतली. 'सन्मतीच्या जिवाला' इथपर्यंत ते खणखणीत यायचे. तिथं खोकला यायचा, पाणी लागायचं, टोपी नीट करावीशी वाटायची. श्रुतिका म्हणाली, आजोबांना तोंडी परीक्षेला ग्रेस मार्क द्यावे लागणार. शनिवारी एकदा ते पूर्ण वाक्य बोलले, पुटपुटत का होईना, आणि लगेच अंघोळ करून जैन बस्तीत दर्शनाला जाऊन आले.

सोमवारी सकाळी त्यांनी राजमतीला बोलावलं. "तू कामावर जा बाळ. तुझ्या कपाळाकडं बघत मला ते बोलवणार न्हाई."

राजमतीला ते पटलं. एवढी वर्षं पाणी पकडणाऱ्या बाईला ते त्या दिवशी पटलं, आणि ती दूधसंघात गेली.

दुपारी घरी आली तर अण्णा नव्हते. शेजारच्या सुनंदाकाकी म्हणाल्या, कंपनीची पांढरी गाडी आली होती. अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, नवी टोपी घातली, आणि गाडीत चढताना सांगितलं, पोरासंगं राहायला निघालोय, येतो.

सुखरूपचं केंद्र एमआयडीसीतल्या जुन्या सूतगिरणीच्या शेडमध्ये होतं. पुढं काचेचा हॉल, त्यात काउंटर आणि काउंटरपुढं रांग. मागं, जिथं पूर्वी चात्या फिरायच्या, तिथं थंड पेट्यांच्या ओळी. राजमती रांग तोडून पुढं गेली. काउंटरवर देवदत्त खाडे नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काय घडलं ते मोठ्या आपुलकीनं सांगितलं.

अण्णा फोनवर 'सन्मतीच्या जिवाला' इथवर आले होते. तिथं त्यांना रडू फुटलं. फोनवरची मुलगी म्हणाली, अण्णा, जड जातंय तर नका बोलू अभद्र. अण्णा म्हणाले, बाळ, मी तरी किती दिवसांचा? पोरगं येईल तेव्हा मी असेन का? तेव्हा तिनं त्यांना 'सोबत' योजनेची माहिती दिली. पेशंट विरामात असेपर्यंत घरच्या माणसालाही विरामात राहता येतं. तो येईल त्या दिवशी दोघं एकदम जागे. वाट बघण्यात कुणाचं वय जायला नको.

"फार समाधानानं झोपले," देवदत्त म्हणाला. "शेवटी सगळ्यांना हात जोडले."

राजमतीनं पाण्याला हात लावला नाही. "म्हणजे आता नॉमिनी मी."

"नाही मॅडम, नॉमिनी अण्णाच. ते हयात आहेत ना."

"त्यांना बोलता येत नाही."

"सध्या नाही."

"मग उठवा त्यांना."

"मुलगा दारात आला की उठवा, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. आम्हाला त्यांची इच्छा मोडता येत नाही."

"आणि मुलगा कधी येणार?"

देवदत्तनं पडद्यावर पाहिलं. "नॉमिनीनं धोका आहे असं सांगितल्यापासून सात दिवसांत."

हे बोलून त्यानं पडदा पुन्हा एकदा वाचला. त्याला स्वतःलाही काहीतरी जाणवलं असावं. पण पडद्यावर त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"अण्णांनासुद्धा कुणीतरी नॉमिनी असेल," राजमती सावकाश म्हणाली. "त्याला विचारा. त्यांच्या जिवाला धोका आहे म्हणून तो सांगेल."

"हो, आहे की." देवदत्तला पुन्हा उत्साह आला. "सन्मतीदादा."

राजमती उठली. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली. माझ्या नवऱ्याच्या जिवाला धोका आहे, म्हणाली. माझ्या सासऱ्याच्या जिवाला धोका आहे. इथं मागं झोपलेल्या एकूणएक माणसाच्या जिवाला धोका आहे, आणि रांगेत उभ्या असलेल्यांच्याही.

एका आजोबांनी नातवाचे कान झाकले. भिंतीकडच्या एका बाईनं मान फिरवली आणि अशा जागी असलं बोलू नये, एवढंच पुटपुटली. देवदत्तनं राजमतीची भावना नोंदवून घेतली. त्यासाठी त्याच्याकडं वेगळा रकाना होता, पण त्यावर पुढं काही कारवाई होत नसे. मग त्यानं अदबीनं विचारलं, घरात आणखी कोणी आहे का, एकाच कुटुंबातल्या तिसऱ्या माणसाला सवलत आहे.

राजमतीच्या खांद्याला मागून हलकेच हात लागला. रांगेतली पुढची बाई होती. हातात पिशवी, चेहरा भला.

"ताई, तुमचं झालं असेल तर जरा सरकता का? सासूबाई गाडीत बसल्यात."