काशीबाईच्या घरातली पाल

लोखंडी पकड माडावरून सुटली ती थेट सुगंधाच्या मासळीच्या टोपलीत, बांगड्यांवर जाऊन आदळली.

"कोण रे तो माकड?" तिने वर बघत आवाज चढवला.

माडाच्या शेंड्याशी यंत्राची तार बांधत लोंबकळत होता सत्यवान तारी. मुंबईच्या बोटींवर बिनतारी यंत्र चालवून गावी परतलेला, आणि आता विजयदुर्गच्या बंदर कचेरीत कारकून. संध्याकाळी घरच्या यंत्रापुढे बसायचं आणि सरकारी परवान्याने देशोदेशींच्या अनोळखी माणसांशी ठोक्यांच्या भाषेत गप्पा मारायच्या, ही त्याची हौस. गाव म्हणायचं, आडनावच तारी, तारा ओढूक नाय तर काय करतलो!

"क्षमा करा... आपल्याला लागलं तर नाही ना?" वरून आवाज आला.

कचेरीतली मराठी, आणि तीही माडावरून! सुगंधाला हसू आवरेना.

"माका नाय, बांगड्यांका लागला. आणि बरो गावलंस! तुज्या यंत्रान आमच्या रेडियोचो जीव खाल्लो हा. बाबा व्हडी घेवन दर्यात, आणि हयसर हवामानाची बातमी लागली रे लागली की चुक्... चुक् चुक्! एक अक्षर कळात तर शपथ."

सत्यवान भराभर खाली उतरला. पकड घ्यायला त्याने हात पुढे केला, पण बघत राहिला तिच्या डोळ्यांकडेच.

"उद्या... उद्या बघतो मी."

"बघ. पण आज बघतंस तसा नको," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. कान मात्र तिचेही लाल झाले होते.

दोघांची घरं शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, कंबरेएवढी भिंत. दुसऱ्या दिवसापासून मोठी गंमत सुरू झाली. सत्यवान घरी यंत्राची कळ दाबायचा, सुगंधा आपल्या खिडकीत रेडिओपाशी उभी राहायची, आणि चुकचुकलं की टॉवेल हलवायची. त्याने तारेचे सांधे घट्ट केले... टॉवेल हालला. जमिनीत मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग पुरली... टॉवेल हालला. यंत्रातल्या पट्ट्या खाऱ्या हवेने गंजल्या असतील म्हणून घासूनपुसून लख्ख केल्या, तरी टॉवेल आपला हालतोच आहे! खरं सांगायचं तर सुगंधाला त्याची चटकच लागली होती.

"एवढा बिघाडला हा तरी काय?" एकदा तिने गडग्यावरून विचारलं.

"हे बघ," सत्यवान म्हणाला. एव्हाना कचेरीची मराठी गळून पडली होती. "तार एकच. आयकाचा असला की ती हकडे जोडूची, बोलाचा असला की थकडे. ता काम रिले करता, फाटकासारख्या. फाटक हालला की ठिणगी उडता, आणि ती तुमच्या रेडियोत चुकचुकता."

"मगे बोलू नको. नुसता आयक."

"आयकतंयच आसंय... तू बोल."

सुगंधा "चूल पेटवची आसा" असं काहीतरी पुटपुटत घरात पळाली.

आणि मध्येच तुकाराम उपटला. गावातली निम्मी लग्नं त्याने जमवलेली. स्थळ आणलं इन्सुलीचं, दर्यापासून लांब, हमरस्त्यावर हॉटेल, घरी काजूची बाग. नाव ठेवायला जागा नाही. सुगंधाची आई काशीबाई हरखून ऐकत होती. शेजारी रेडिओ बारीक आवाजात चालू.

"मुलगो म्हंजे सोना," तुकाराम म्हणाला.

चुक्... चुक् चुक्!

"कृष्ण कृष्ण!" काशीबाईने जमिनीवर बोट आपटलं. "पाल चुकचुकली! नको रे बाबा."

"आये, पाल नाय ती, रेडियो..." सुगंधाने सांगून पाहिलं.

"रेडियोत बाई गाता. पाल कित्याक रवतली थंय?"

सुगंधाने कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. हुंड्याचं नाव निघालं, चुक्. मुहूर्ताचं नाव निघालं, चुक् चुक्. काशीबाई झाडू घेऊन भिंतभर पाल शोधायची आणि सुगंधा आत तोंडात पदर कोंबून हसायची.

दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी सत्यवान आनंदाने नाचायचाच बाकी होता. "मुंबैसून कंडेन्सर इलो! ठिणगी जिरवता तो. आता तुमचो रेडियो गप्प!"

"बसवू नको," सुगंधा झटक्यात म्हणाली. मग अडखळत, खाली बघत, तिने सगळं सांगितलं. इन्सुली, तुकाराम, पाल.

सत्यवानचं हसू मावळलं. "सुगंधा... बापूस तुजो दर्यात आसा. वाऱ्याची बातमी चुकली तर?"

तिला ते कळत नव्हतं थोडंच! म्हणूनच तर जास्त राग आला.

"घाल तुजो कंडेन्सर! आणि माज्या लग्नाक जेवक ये!" म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

त्या संध्याकाळी बातमी स्वच्छ लागली. वारा नाही, समुद्र शांत. काशीबाईने हात जोडले. तेवढ्यात तुकाराम हजर.

"मगे, इन्सुलेकरांका हो म्हणून सांगू?"

काशीबाईने भिंतीकडे कान दिला. काहीच नाही. दाराआड सुगंधाचा जीव नुसता कासावीस झाला. आता आई 'हो' म्हणणार... आणि तो तिकडे खुशाल बसलाय, मेलो!

"काकी, थांबा!"

पायरीवर सत्यवान उभा होता, घामाघूम.

"ती पाल नव्हती. माजा यंत्र होता. आज दुरुस्त केलंय."

काशीबाईने कमरेवर हात ठेवले. "म्हंजे इतके दिस माज्या घरात तूच चुकचुकत होतंस?"

"होय."

"आणि आता बंद झालंस, तर इलंस कित्याक?"

"मी आपणांस अशी विनंती..." त्याने सुरुवात केली, आणि कचेरीची मराठी सोडूनच दिली. "माका सुगंधा होयी, काकी. खूप आवाडता ती माका. पण तिका मी होयो असलंय तरच."

तुकारामला चहाचा ठसका लागला. काशीबाई दाराकडे वळली.

"गो, आयकलंस? तुका काय होया?"

इतक्या बोलण्यांत हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सुगंधा उंबऱ्यावर आली. मान खाली गेली नाही.

"ह्योच होयो," ती म्हणाली.

काशीबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाली, "तुकाराम, चाय पिऊन जा. इन्सुलेकरांका सांग, आमचा चेडू दर्या सोडूचा नाय. आणि तू रे, बाहेर कित्याक उभो? हिचो बापूस येयपर्यंत हय बस."