चाळीस सेकंद जास्त

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, गोष्ट हळू आवाजातली आहे. देवानं माणसाला जीभ एकच दिली आणि कामं मात्र दोन सांगितली : चव घ्यायची, आणि खरं बोलायचं. पहिलं काम आपण कुणी न सांगता करतो. दुसऱ्याच्या वेळी कशी गाळण उडते, आणि त्याच्या कृपेनं त्यातूनही कसं कल्याण होतं, ते आज सांगते. गोष्ट गोड आहे. एके ठिकाणी किंचित कडवट लागेल, तेवढं चालवून घ्या.

तर एक चहाचा कारखाना होता. पत्तीचा चहा नव्हे हं. फुलांचा, पानांचा, सालींचा. पुदिना, गवती चहा, बडीशेप, कॅमोमाइलची इवली पिवळी फुलं... दिवसभर राबलेल्या माणसानं संध्याकाळी टेकावं, दोन्ही हातांत कप धरावा आणि ‘हुश्श’ म्हणावं, एवढ्यासाठीच केलेला. पुडीत भरण्याआधी तो चाखला जाई. वरच्या मजल्यावर एक लांब खोली, मधोमध लाकडी भिंत, भिंतीला चार सरकत्या खिडक्या, पाटीएवढ्या. पलीकडे चार चाखणारे. आसपासचीच साधी माणसं, आठवड्यातून दोनदा येणारी. अलीकडे किटल्या, गाळण्या, पांढरे कप, वेळेची घंटी आणि घड्याळ.

हे घड्याळ भिंतीवरचं नव्हे. घड्याळ म्हणजे एक मुलगी. किटली पाच मिनिटं झाकायची म्हणजे पाचच मिनिटं. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही. सात वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता, म्हणून सगळे तिला घड्याळच म्हणत. तिलाही ते आवडे. रूप, गाणं, बोलणं, यांत आपण बेताच्याच, पण वेळ मात्र आपली... असं तिला वाटायचं.

चाखणीचे नियम कडक. चाखणाऱ्यानं बोलायचं नाही, चहा करणारीनं तोंड दाखवायचं नाही. “ओळख झाली की चव फितूर होते,” असं चाखणीच्या प्रमुख म्हणत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीनं त्या लहानच होत्या, पण ते त्यांना सांगणार कोण?

एका सकाळी चौथी खिडकी सरकली आणि एक नवा हात पुढे आला. डावा हात. अंगठ्याच्या मुळाशी पांढरी बारीक रेघ, जुन्या कापाची. बोटं लांब, नखं स्वच्छ. त्या हातानं कप उचलला... आणि अवघडला. कपाचा कान उजवीकडे होता ना!

घड्याळनं पुढचा कप देताना काही न बोलता कान डावीकडे फिरवला.

हात थबकला. मग पलीकडून ‘सुर्रर्र’ असा घोट ऐकू आला. चाखताना असाच आवाज करायचा असतो, नाहीतर वास नाकापर्यंत चढत नाही. थोड्या वेळानं गुणांचा कागद बाहेर आला. दहापैकी सात. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं : “लिंबाची साल छान. कान डावीकडे केल्याबद्दल आभारी.”

“काय गं, गालात हसायला काय झालं?” कप विसळणाऱ्या मावशींनी विचारलं.

“कुठे? वाफ गेली डोळ्यांत.”

“वाफेनं डोळे पाणावतात बाई. गाल लाल होत नाहीत.”

मग पुढे दर खेपेला शेरे यायचे. “पुदिना जरा भांडखोर आहे.” “हा चहा ऊन आलेल्या खिडकीत बसल्यासारखा लागतो.” “आज आलं घाईत होतं, तुम्ही नव्हतात.” उत्तर द्यायची सोय नव्हती. पण कान मात्र न चुकता डावीकडे असायचा. आणि बाईमाणसानं एवढंही उत्तर दिलं की समजणाऱ्याला पुष्कळ होतं.

अशात एके दिवशी घड्याळच्या आईचा चष्मा मोडला. दोन रस्ते पलीकडे एक चष्म्याचं दुकान होतं. अरुंद, काचेच्या कपाटांचं, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. आत एक तरुण मान खाली घालून इवलासा स्क्रू बसवत होता. डाव्या हातानं. अंगठ्याच्या मुळाशी पांढरी रेघ...

घड्याळ एक पाऊल मागे सरकली. पळावं का? पण चष्मा त्यानं हातात घेतलासुद्धा.

“बसा. कुणाचा चष्मा?”

“आईचा. ती बसली त्याच्यावर.”

“म्हणजे चष्म्यानं आईंना फारच जवळून पाहिलं म्हणायचं.”

तिला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

“तुमचीही नजर तपासून देतो,” तो म्हणाला. “बसल्या आहातच.”

“माझी चांगली आहे.”

“सगळे असंच म्हणतात आणि दारावर आपटतात. इकडे बघा. हे स्पष्ट... की हे?”

“दोन्ही सारखंच.”

“नक्की? नीट बघा. हे... की हे?”

“सारखंच आहे हो! किती वेळा सांगू?”

तो हसला. “सारखंच आहे. तीच काच दोनदा लावली. काही लोक मला बरं वाटावं म्हणून ‘आता छान दिसतं’ म्हणतात. तुम्ही खरं बोलता.”

काच बाजूला ठेवायला जागा हवी होती. टेबलावर त्याचा चहाचा कप होता. तिनं तो सरकवला, आणि सवयीनं... कान डावीकडे फिरवला.

त्याच्या हातातली काच तशीच राहिली. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली.

“...चौथी खिडकी?” त्यानं हळूच विचारलं.

“मला काय माहीत कुठली खिडकी!”

“चेहरा नवीन आहे. हात ओळखीचे आहेत.”

“हे बघा,” ती ताडकन उठली, “आपण एकमेकांना ओळखत नाही. नियम आहे.”

“बरोबर. मग, ओळख नसलेल्या बाई, आईंचा चष्मा परवा मिळेल.”

“परवा चाखणी असते.”

“असेल. मला कसं ठाऊक? मी तुम्हाला ओळखतच नाही.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “चाखायला का येता तुम्ही? दुकान आहे की तुमचं.”

त्यानं टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. “वडील असताना इथे दोन कप भरायचे. आता एकच भरतो. तिथे निदान... कुणीतरी भरून देतं.”

त्या रात्री घड्याळ दिवा मालवून देवाला हात जोडायला बसली आणि काय मागायचं तेच विसरली.

आता खरी गोम इथे आहे, लक्ष द्या. प्रत्येक खिडकीची किटली वेगळी, आणि चौथी खिडकी शेवटची. दिवसाचा शेवटचा कप त्याच खिडकीतून जाई, आणि तो गेला की खिडकी बंद, हात गुप्त, ते थेट तीन-चार दिवसांनी. त्या शेवटच्या कपाच्या वेळी वेळेची घंटी वाजायची, आणि आमची घड्याळ किटलीवर हात ठेवून नुसती उभी राहायची. पलीकडे बोटं लाकडावर हळूच ताल धरून असत. ती बघत राही. मग दचकून ओते. तिला वाटे, क्षणभरच झाला असेल. प्रेमात पडलेल्या माणसाचा क्षण, तो! चाळीस सेकंदांचा होता.

मावशींनी एकदा नुसतं म्हटलं, “घंटी वाजून गेली गं.”

“ओततेच आहे.”

“ओत हो. चहा काय, थांबेल बिचारा.”

तीन खेपा अशा गेल्या. चौथ्या खेपेला मोठ्या बाईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. चारही चाखणारे समोर, मागे भिंतीशी घड्याळ आणि मावशी. मोठ्या बाईंच्या हातात तीन कागद.

“तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते,” त्या म्हणाल्या. “दर चाखणीला एक चहा मी दोनदा पाठवते, नंबर बदलून. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, जीभ दमलेली असते तेव्हा. तोच चहा, तर गुणही तेच हवेत. एखाद्याचा फरक पडतो, हरकत नाही. पण चौथी खिडकी! पहिल्याला आठ, दुसऱ्याला पाच. तीनही दिवस! आणि शेरा काय? ‘चहा तोच. पण याच्यापाशी कुणीतरी थांबलेलं आहे.’ अहो, ही चाखणी आहे की शायरी?”

बाकीचे हसले. चष्मेवाल्याचे कान तापले.

“तोच चहा म्हणता आणि तीन गुण कमी देता. असल्या बेभरवशाच्या जिभेवर मी लोकांच्या घरात चहा पाठवू? काही सांगायचंय तुम्हाला?”

त्यानं मान वर केली. क्षणभर, एकच क्षणभर, त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली आणि लगेच परत आली.

“नाही बाई. मला जे लागलं ते लिहिलं.”

“मग तुमचं नाव काढावं लागेल.”

“काढा.”

मागे घड्याळला सगळं कळलं. त्याला ठाऊक होतं! चहा जास्त मुरलाय, सालीचा कडवटपणा उतरलाय, हे त्या जिभेनं अचूक ओळखलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण मग बोट तिच्याकडे वळलं असतं, म्हणून तो चार माणसांसमोर खोटा ठरून गप्प उभा होता. आणि ती? ती बोलली तर सात वर्षांचं नाव जाणार. आपल्याकडे दुसरं आहे काय? घड्याळ चुकलं तर त्याला घड्याळ कोण म्हणेल?

मावशींनी हातातला कप फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला आणि पुटपुटल्या, “कोरडा झाला की गं कधीचा. आणखी किती पुसू?”

बघा, देवानं सांगितलेलं दुसरं काम असं अडून राहतं, ओठांच्या अगदी आत.

“बाई!” घड्याळचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “जीभ त्यांची बरोबर आहे. हात माझा चुकला. शेवटची किटली... मी वेळेवर ओतली नाही.”

“तू?” मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. “किती वेळ?”

“माहीत नाही... घंटीनंतर... थोडा.”

“का?”

आता आली का पंचाईत! सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“ओतला की खिडकी बंद होते,” ती खाली बघत म्हणाली. “मला... ती इतक्यात बंद व्हायला नको होती.”

चष्मेवाला तिच्याकडे असा बघत राहिला, की दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्याला आपली कुठे ठेवावी ते समजेना.

मोठ्या बाई आत गेल्या, स्वतः पाणी उकळलं, तोच चहा तीन किटल्यांत केला आणि वेगवेगळ्या वेळी गाळून तीन कप त्याच्यासमोर मांडले. “सांगा.”

त्यानं डोळे मिटले. सुर्रर्र. “हा पाच मिनिटांचा.” सुर्रर्र. “हाही पाच.” तिसऱ्या कपाला मात्र त्याच्या ओठांवर हसू आलं. “हा अगदी तिच्या शेवटच्या कपासारखा. साडेपाच मिनिटांच्या वर. पाच मिनिटं चाळीस सेकंद असेल.”

मोठ्या बाईंनी मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजून ठेवली होती. पाच मिनिटं चाळीस सेकंदच होते.

“जीभ खरी आहे,” त्या म्हणाल्या. मग घड्याळकडे वळल्या. “सात वर्षांत चाळीस सेकंद. सोडून देईन मी.”

“तीनदा, बाई. एकशे वीस होतात.”

“बाई गं, आता तरी हिशेब पुरे! एकशे वीस माफ. पण तुमची ओळख आहे, हे आता मला कळलंय. नियम मी मोडणार नाही. भिंतीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं यापुढे नाही. एक कुणीतरी राहील.”

“त्या राहतील,” तो लगेच म्हणाला. “माझं नाव खुशाल काढा. मला आता चहा खिडकीतून नकोच आहे. समोर बसून हवा आहे.”

“अगं बाई!” मावशी म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते त्यांच्या हातून कप फुटला.

जिन्यावरून उतरताना दोघं एकेका पायरीवर थांबत होती.

“पाचच?” ती म्हणाली. “मी जीव टाकून उभी, आणि तुम्ही पाचच गुण दिलेत?”

“चहाला पाच. खरं बोलायला नको?”

“आणि थांबण्याला?”

“त्याला रकानाच नव्हता कागदावर.” तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे डोळे समोरासमोर आले. “तोंडी सांगू का?”

“...सांगा.”

“दुकानात दोन कप आहेत. दुसरा तू भरशील?”

त्याचा डावा हात कठड्यावर होता, त्याच्याशेजारी तिनं आपला ठेवला. चाळीस सेकंद तरी नक्की तसाच होता. मोजायला घड्याळ भानावर होती कुठे!

पुढे तो चहा बाजारात आला. पुडीमागची सूचना मोठ्या बाईंनी स्वतः लिहिली आहे, बघा वाचून : “पाच मिनिटं झाकून ठेवावा. सोबत कुणी असेल, तर थोडं जास्त चालेल.” चष्म्याच्या दुकानात संध्याकाळी अजून दोन कप भरतात, एकाचा कान उजवीकडे, एकाचा डावीकडे. आणि कारखान्यात आमच्या घड्याळला अजून घड्याळच म्हणतात.

ही हकिगत मला कप विसळणाऱ्या मावशींनी सांगितली. त्या आता नाहीत. त्यांच्या वाट्याला कपाचा तळच आला, घोट कधी आला नाही. पण कुणाचं ओठांवर अडलेलं मात्र त्यांना बरोबर दिसायचं. आज तुम्ही जो काही प्याल, तो पिऊन झाला की कप विसळताना एकदा त्यांची आठवण काढा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. देवाला ठाऊक आहे.