पाचवा पांडव

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर अंबाजोगाईजवळच्या त्या शिवारात जा आणि राधाकिशनच्या उजव्या हाताची बोटं मोजून या. दोन भरतील.

आणि ही रात्रीची नाही. मागच्या येळवशीची, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येची, भर दुपारी एकची. भुतांनीही आता दिवसपाळी धरलीय.

ताकेशी हा जपानी माणूस ज्वारीचा अभ्यास करायला आला आणि अंबाजोगाईतच राहिला. राधाकिशनने त्याला येळवशीला शेतात बोलावलं. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याच्या खोपीत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून बसवतात, मग आंबील शिंपडत पिकाला फेरी घालतात.

"जपानात आमच्या नोतोकडं बी शेताच्या देवाला जेवायला बोलावतात," ताकेशी म्हणाला. "दिसत नाही. पण वाढतात."

"लई कमी खात असंल," राधाकिशनची बायको ताराबाई म्हणाली. "आमच्याकडं पाच जण बसत्यात, भावजी."

पण दगड चारच होते. पाचवा ट्रॅक्टरखाली फुटलेला.

ताकेशीला वाटलं, आपलाही हातभार लागावा. तो बांधावर गेला. चांगला उभट दगड उपटला, धुतला, रंगवून बसवला.

चार दगडांचा चुना वाळला.

पाचवा ओलाच...

राधाकिशनने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ह्यो कुठनं आणला बे?"

पाहुण्याला तो पहिल्यांदाच 'बे' म्हणाला.

तो हद्दीचा दगड होता. पलीकडचं शेत धाकट्या भावाचं, भारतचं. सात वर्षांपूर्वी भारत याच बांधावर कोयत्याने तोडलेला सापडला. मारणारा सापडला नाही. शोधणाऱ्यांत राधाकिशन सगळ्यात पुढे होता.

"शिंपण झालं की मागारी ठिवा," ताराबाई घाईने म्हणाली.

फेरी सुरू झाली. राधाकिशन पुढे, मडकं घेऊन ताकेशी मागे. राधाकिशनने आरोळी दिली. ताकेशीने ती झेलली.

त्याच्याही मागून... तिसऱ्याने झेलली.

ताकेशीने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. पाखरंही नव्हती.

खस्स...

ज्वारीचं एक ताट कापून पडलं.

खस्स... खस्स...

छातीएवढी ज्वारी ओळीने पडत निघाली. सरळ राधाकिशनकडे. कापणारा दिसत नव्हता.

राधाकिशनने दोन्ही हात पुढे केले. "भारत्या, न्हाई रे! चुकलो रे!"

खस्स.

तीन बोटं मातीत पडली. दुसऱ्या वाराने कानापासून खांद्यापर्यंत मांस उघडलं. रक्ताची चिळकांडी ताकेशीच्या हातातल्या आंबिलीत पडली. राधाकिशन गुडघ्यावर आला. मग त्याचे केस वर ताणले गेले... कुणीतरी मुठीत धरावेत तसे. मान उघडी पडली.

"दगड! मागारी ठिवा, भावजी! मारतंय त्यांना!" ताराबाई किंचाळली.

ताकेशीने मडकं टाकलं, खोपीतला दगड छातीशी धरला आणि बांधाकडे धावला. खड्डा समोर होता. तो वाकला.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं...

"तीन पावलं मागे."

ताकेशी राधाकिशनच्या शेतात तीन पावलं आत आला आणि तिथे दगड रोवला.

मागे धप्प आवाज झाला. केस सुटले होते. राधाकिशन तोंडावर पडला होता. जिवंत.

दवाखान्यात त्याने सांगितलं, कोयत्यावर पडलो. लिहून घेणाऱ्याने लिहून घेतलं. एकाच पडण्यात तीन बोटं आणि मान कशी, हे त्याने विचारलं नाही. जेवायची वेळ झाली होती.

ताराबाईने ताकेशीला व्हरांड्यात गाठलं.

"तीन पावलं आत कावून गेलात, भावजी? बांध तेवढाच भारतच्या शेतात सरकवला होता. आमा दोघांबिगर कुणाला ठाऊक न्हाई."

"कानात सांगितलं."

"भारतनं?"

"माहीत नाही. पण जपानीत सांगितलं. आमच्या नोतोच्या बोलीत."

ताराबाई भिंतीला टेकली.

"भारत तर सातवी बी पास नव्हता..."

ताकेशी अजून अंबाजोगाईतच आहे. रविवारी नोतोहून आईचा फोन येतो. ती बोलायला लागली की तो फोन कानापासून हातभर लांब धरतो.